स्ट्रोक युनिट, जनरल वॉर्ड आणि घरची नर्स: तिन्हीकडच्या नर्सिंगचा रिव्ह्यू

हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचायला बसलं की डॉक्टर कसे बोलतात, मशीन कुठल्या आहेत, बिल कसं लावतात हे सगळं सापडतं आणि नर्सिंगबद्दल एकच ओळ असते, स्टाफ चांगला आहे नाहीतर स्टाफ उद्धट आहे. स्ट्रोकमध्ये, म्हणजे आपण ज्याला पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो त्यात, हे अजिबात पुरत नाही. माझ्या वडिलांच्या म्हणजे अण्णांच्या आजारपणात जे जवळून बघितलं त्यावरून माझं ठाम मत झालंय की स्कॅन आणि इंजेक्शन हे पहिल्या काही तासांचं काम, त्यानंतर पेशंट किती उभा राहणार, किती बोलणार, स्वतःच्या हाताने घास घेणार की नाही हे बरंचसं बेडपाशी ड्युटी करणाऱ्या माणसाच्या हातात असतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त नर्सिंगचा आहे, आधी स्ट्रोक युनिट, मग जनरल वॉर्ड आणि शेवटी घरी लावलेली नर्सिंग सर्व्हिस. नावं मुद्दाम देत नाहीये, काय बघायचं ते कळलं की कुठल्याही हॉस्पिटलात बघता येतं.

केस थोडक्यात सांगते. अण्णांची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. दहातले साधारण आठ स्ट्रोक असेच गुठळीचे असतात आणि बाकीचे रक्तस्रावाचे, आणि दोन्हीचे उपचार उलटे, त्यामुळे सीटी झाल्याशिवाय गुठळीच्या औषधाला कोणी हात लावत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलो होतो म्हणून गुठळी विरघळवायचं अल्टेप्लेसचं इंजेक्शन देता आलं.

आता इथून नर्सिंग सुरू होतं. हे इंजेक्शन वजनावर असतं, किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90, त्यातला दहावा हिस्सा आधी एकदम आणि उरलेला तासाभरात पंपाने. सिस्टरनी आम्हाला वजन विचारलं पण त्यावर विसंबल्या नाहीत, बेडखालच्या काट्यावर घेतलं, हिशोब मोठ्याने वाचून दाखवला आणि दुसऱ्या सिस्टरने तो परत तपासला. एवढी घाई असताना ही दोन मिनिटं त्यांनी वाचवली नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंजेक्शन चालू असताना त्या अधूनमधून अण्णांचे ओठ आणि जीभ टॉर्च मारून बघत होत्या, मला कळेना की स्ट्रोकमध्ये जीभ कशाला बघतायत, तर ह्या औषधाने काहींना जीभ-ओठ सुजतात, विशेषतः बीपीच्या एका प्रकारच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर, आणि सूज वाढली तर श्वास अडकू शकतो. बीपीच्या गोळीचं नाव त्यांनी आल्या आल्या का विचारलं होतं ते तेव्हा कळलं.

मग ती पहिली रात्र. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी बीपी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग 24 तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला, आणि नुसतं बीपी नाही, प्रत्येक वेळी उठवायचं, हात दाबायला सांगायचं, पाय उचलायला सांगायचं, डोळ्यांत टॉर्च मारायचा. माझा भाऊ शेवटी वैतागून म्हणाला की सिस्टर जरा झोपू द्या की त्यांना, थकलेत. त्या म्हणाल्या, "दादा, ते झोपलेत का गुंगीत गेलेत हे उठवल्याशिवाय मला कसं कळणार?" मला वाटतं अख्ख्या स्ट्रोक नर्सिंगचं ह्याहून नेमकं उत्तर कोणी देऊ शकणार नाही. ह्या इंजेक्शनचा मोठा धोका म्हणजे डोक्यात रक्तस्राव. 1995 साली ज्या अभ्यासामुळे हे औषध स्ट्रोकसाठी वापरात आलं त्यात इंजेक्शन दिलेल्यांपैकी 6.4 टक्के लोकांना त्रास देणारा रक्तस्राव झाला होता आणि न दिलेल्यांत 0.6 टक्के, तरीसुद्धा तीन महिन्यांनी इंजेक्शनवाले जास्त बरे होते म्हणून ते देतात. पण तो रक्तस्राव पकडायचा कोणी? अचानक डोकं दुखायला लागणं, उलटी, बीपी एकदम चढणं, हात आधी हलत होता तो आता हलत नाही, हे पहिलं बघणार ती सिस्टरच. असं काही दिसलं तर पंप लगेच बंद करून डॉक्टरला फोन, हे त्यांनी आम्हालाही सांगून ठेवलं होतं की तुम्हाला काही वेगळं वाटलं तर संकोच करू नका, बेल दाबा.

बीपीवरून तर प्रत्येक बेडपाशी गोंधळ असतो. इंजेक्शन दिलेल्या पेशंटचं बीपी 24 तास 180/105 च्या खाली ठेवतात. पण ज्यांना इंजेक्शन दिलेलं नाही अशा गुठळीच्या पेशंटला सुरुवातीला 220/120 पर्यंत सहसा हात लावत नाहीत, कारण बंद वाहिनीच्या आजूबाजूच्या अर्धवट जिवंत भागाला रक्त पोचायला तेवढा जोर लागतो, बीपी धाडकन पाडलं तर तोही भाग जातो. शेजारच्या बेडवरच्या आजींचं बीपी 190 होतं आणि त्यांचे नातेवाईक ओरडत होते की गोळी द्या गोळी द्या, त्या सिस्टरनी न चिडता, हातातलं काम न थांबवता, तीन वेळा तेच समजावलं. असा माणूस लागतो हो तिथे.

पुढचा मुद्दा पाण्याचा. ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण घरच्यांना सगळ्यात कमी माहिती असलेली गोष्ट हीच आहे. स्ट्रोकच्या साधारण निम्म्या पेशंटना सुरुवातीला गिळायला त्रास असतो. पाणी सगळ्यात धोक्याचं कारण ते पातळ, पटकन घसरतं आणि श्वासनळीत जातं, मग न्यूमोनिया. आणि ठसका लागला तरच चूक झाली असंही नाही, काहींना ठसका लागतच नाही, गपचूप फुफ्फुसात जात राहतं आणि मग दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून आल्याबरोबर अण्णांच्या डोक्यापाशी मोठ्या अक्षरात बोर्ड लागला, तोंडाने काहीही नाही, गोळीसुद्धा नाही. नंतर गिळण्याची टेस्ट. मी समोर होते म्हणून सांगते कशी केली. आधी अण्णा नीट जागे आहेत का बघितलं, पेंगत असते तर टेस्टच केली नसती. पाठीला आधार देऊन सरळ बसवलं. खोकून दाखवा म्हणाल्या. तोंडात आधीची लाळ साठलीय का बघितलं. मग चमचाभर पाणी, दोन बोटं हलकी गळ्यावर ठेवून घाटी वर जातेय का बघितलं, आणि मग "आ" म्हणायला लावलं, शब्द येत नव्हता पण आवाज काढता येत होता. तो आवाज ओलसर, घोगरा येतोय का ते ऐकायचं असतं. दुसऱ्या चमच्याला आवाज बदलला. टेस्ट तिथेच थांबवली, पुढचा चमचा नाही, बघूया जरा असं नाही. चार्टवर लिहिलं आणि स्पीच थेरपिस्टला कळवलं.

मग नाकातून नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, पण तीही लगेच नाही, इंजेक्शननंतर रक्त पातळ असताना नाकात नळी घालताना जखम झाली तर थांबत नाही म्हणून जमेल तेवढं थांबतात, अण्णांचा 24 तासांनंतरचा सीटी स्वच्छ आला तेव्हा घातली. प्रत्येक फीडच्या आधी नाकापाशी नळीवरची खूण बघायची, सिरिंजने थोडं ओढून पोटातलं येतंय का बघायचं, डोक्याकडचा बेड वर, फीड झाल्यावरही बराच वेळ वरच. आणि एक गोष्ट जी मला खूप आवडली, नळीतून द्यायला म्हणून गोळ्या कुटायच्या आधी सिस्टरनी यादी बघून डॉक्टरला फोन केला की ह्यातली एक गोळी हळूहळू विरघळणारी आहे, कुटली तर सगळा डोस एकदम जाईल, बदलून द्या. हे काम कोणाला दिसत नाही, बिलावर येत नाही.

तोंडाची स्वच्छता पण तशीच. तोंडाने खात नाही म्हणजे दात घासायची गरज नाही असं वाटतं, प्रत्यक्षात उलटं आहे, तोंडात साठलेले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात जातात. त्या मऊ ब्रशने घासायच्या आणि सक्शनने लगेच ओढून घ्यायच्या. नंतर मऊ खाणं सुरू झाल्यावर उजव्या गालात घास अडकून राहायचा, अण्णांना तो जाणवायचाच नाही, प्रत्येक जेवणानंतर गालात बोट फिरवून बघायचं हे त्यांनी मला हात धरून शिकवलं.

हे सगळं ऐकून वाटेल की ठीक आहे, काळजीपूर्वक केलं, पण त्याने खरंच फरक पडतो का. पडतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटमध्ये ह्यावर अभ्यास झाला, 2011 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात नवीन औषध नव्हतं, मशीन नव्हती. त्यातल्या साधारण निम्म्या युनिट्समधल्या नर्सना तीन गोष्टींची पद्धत लावून दिली: ताप आला की लगेच उतरवायचा, साखर वाढली की लगेच सांभाळायची आणि गिळण्याची तपासणी वेळेत करायची. 90 दिवसांनी जे लोक दगावले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले त्यांचं प्रमाण अशा युनिटमध्ये 42 टक्के आणि बाकीच्या ठिकाणी 58 टक्के. शंभरामागे सोळा माणसं, आणि त्यासाठी लागलं काय तर थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि पाण्याचा चमचा वेळेवर वापरणारी नर्स! मला हे वाचून खरंच भरून आलं. आमच्या युनिटमध्ये ताप 37.5 सेल्सिअसच्या वर गेला की पॅरासिटामॉल आणि का आला ह्याचा शोध, ही सवय होती, थोडा ताप आहे बघू सकाळी असं कोणी म्हणालं नाही.

आता उताणं झोपलेल्या माणसाची बाजू. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण कशी हे फार थोड्यांना. दोघीजणी, खाली आडवी चादर, चादरीने उचलून फिरवायचं, घासत ओढायचं नाही कारण घासण्यानेच कातडी सोलते. मग माकडहाड, टाचा, घोटे, कोपर बोटाने दाबून लाली जातेय का बघायची, लाली दाबूनही गेली नाही तर बेडसोअर सुरू झाला समजायचं. एअर बेड लावला म्हणजे कूस बदलायची गरज नाही असा एक समज आहे, तो तिथल्या सिनिअर सिस्टरनी पहिल्याच दिवशी मोडून काढला. आणि खांदा! गेलेल्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो, त्यात कोणी तो हात धरून ओढला की दुखणं महिनोनमहिने जात नाही. युनिटमध्ये उजवा हात कायम उशीवर, बोटं उघडी, बसवलं तरी हाताखाली टेकू. फिरवताना, उठवताना खांद्याच्या मागे आणि कमरेला हात, दंडाला किंवा काखेत कधीच नाही. बीपीचा पट्टा पण डाव्याच हाताला, सुई पण शक्यतो डाव्याच.

पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्यांना हवेने दाबणारी मशीन लावली होती. आमच्या एका नातेवाइकाने घट्ट लांब मोजे आणले होते पण सिस्टर म्हणाल्या स्ट्रोकमध्ये ते लावत नाही. नंतर वाचलं तर त्यांचं बरोबर होतं, मोठ्या अभ्यासात मोज्यांचा फायदा दिसला नाही, उलट कातडीला जखमा झाल्या, आणि हवेच्या मशीनचा फायदा 2013 च्या अभ्यासात दिसला, मांडीच्या मोठ्या नसांमधल्या गुठळ्या 12.1 टक्क्यांवरून 8.5 वर आल्या.

उठवण्याची घाई ह्यावर पण दोन शब्द. आपल्याला वाटतं जितक्या लवकर चालवू तितकं चांगलं, पहिल्याच दिवशी उभं करा म्हणून मागे लागणारे नातेवाईक मी बघितले. 2015 मध्ये दोन हजारांवर पेशंटवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या 24 तासांतच सुरुवात करून जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्यांचा निकाल उलट थोडा कमी चांगला आला, तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यात 46 टक्के आणि बाकीच्यांत 50 टक्के. म्हणजे पडूनच ठेवा असं नाही, बाकीच्यांनाही लवकरच उठवलं होतं, पण आधी बेडवर पाठ वर, मग पाय खाली सोडून, मग खुर्चीत, थोडं थोडं. आमच्याकडे तसंच केलं. पहिल्यांदा कडेला बसवलं तेव्हा अण्णा उजवीकडे कलंडत होते, सिस्टर त्यांच्या उजव्या बाजूला गुडघा टेकून बसल्या आणि त्यांच्या समोर आरसा धरला, आरशात बघून ते स्वतःच हळूहळू सरळ झाले. ते बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस परत उभा राहील.

बोलण्याचं सांगायचं तर अण्णांना समजत बरंच होतं पण शब्द निघत नव्हता, निघाला तर भलताच. ह्याला अफेझिया म्हणतात आणि त्यात बुद्धी गेलेली नसते, वाट बंद झालेली असते. चांगली नर्स आणि नुसती नर्स ह्यातला फरक इथे एका मिनिटात कळतो. नुसती नर्स मोठ्याने ओरडून बोलते जणू पेशंट बहिरा आहे, किंवा पेशंटच्या डोक्यावरून आपल्याशी बोलते, "आज खाल्लं का ह्यांनी?" युनिटमधल्या सिस्टर समोर येऊन, डोळ्यांत बघून, छोटं वाक्य, एका वेळी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल असा. आणि मग थांबायच्या. खरंच थांबायच्या. दहा-पंधरा सेकंद शांतता आपल्याला सहन होत नाही, आपण लगेच शब्द पुरवतो, त्या पुरवत नव्हत्या. एका पुठ्ठ्यावर चित्रं होती, पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, झोप, घरचे. अण्णांनी "दुखतंय" वर बोट ठेवलं तेव्हाच कळलं की खांदा नाही, पोट दुखतंय, दोन-तीन दिवस पोट साफ नव्हतं. नाहीतर आम्ही समजत होतो चिडचिड करतायत.

शेजारच्या आजींचं वेगळं होतं, त्यांची डावी बाजू गेली होती आणि त्यांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नव्हती, ताटातलं अर्धंच खायच्या, डावीकडून कोणी बोललं तर बघायच्याच नाहीत. सिस्टर आधी उजवीकडून बोलून मग हळूहळू डावीकडे यायच्या, म्हणजे आजींची मान पाठोपाठ वळेल, आणि बेल मात्र नेहमी उजव्या हाताशी ठेवायच्या. कुठली गोष्ट कुठल्या बाजूला ठेवायची ह्यामागे इतका विचार असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा मध्येच रडायचे. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं तो मेंदूच्या इजेचाच भाग असतो, दोन्ही वेगळं आहे आणि दोन्हीवर औषध आहे. एका तरुण ब्रदरने हे ओळखून डॉक्टरांना सांगितलं, आम्ही समजत होतो साहजिक आहे, माणूस आजारी आहे. तो ब्रदर दाढी करताना वस्तरा स्वतःच्या हातात ठेवायचा पण साबण अण्णांच्या डाव्या हाताने लावून घ्यायचा. जे पेशंटला जमतं ते पेशंटकडूनच करून घ्यायचं, वेळ लागला तरी, हे त्या युनिटचं धोरणच होतं.

युनिटमध्ये कमी काय होतं? रात्रीच्या पाळीत माणसं कमी पडायची, बेल वाजवल्यावर थांबावं लागायचं. आणि डिस्चार्जच्या वेळचं शिक्षण घाईत झालं, इतकी चांगली टीम असून सगळी माहिती शेवटच्या तासात, कागद हातात देऊन. ती रोज थोडी थोडी द्यायला हवी होती.

जनरल वॉर्डचा रिव्ह्यू छोटा आहे कारण चांगलं सांगण्यासारखं कमी आहे. बेडची गरज होती म्हणून युनिटमधून तिथे हलवलं आणि एका दिवसात सगळं विस्कटलं. गिळण्याचा बोर्ड सोबत आलाच नाही, जेवणाची गाडी आली तर साधं पाणी आणि नेहमीचं जेवण समोर ठेवून गेले, बरं मी तिथे होते. वॉर्डबॉयने उठवताना उजवा हात धरून ओढलं, अण्णा कळवळले, तो खांदा पुढे बरेच दिवस दुखत होता. लघवीची नळी युनिटमध्येच काढायची ठरलेली, वॉर्डमध्ये ती सोयीची म्हणून तशीच राहिली आणि इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला. नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नळी असली की चादर बदलावी लागत नाही. मी तिथल्या सिस्टरना वैयक्तिक दोष देत नाही, एकेका सिस्टरकडे इतके पेशंट होते की औषधं वाटण्यातच पाळी संपायची. स्ट्रोक युनिटमध्ये ठेवलेले पेशंट जास्त जगतात आणि जास्त जण स्वतःच्या पायावर घरी जातात हे जगभरच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय, आणि त्याचं कारण मला ह्या दोन मजल्यांमधल्या फरकात दिसलं. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना न्यूरॉलॉजिस्ट आहेत का एवढंच विचारू नका, वेगळं स्ट्रोक युनिट आहे का आणि पेशंट तिथे किती दिवस ठेवतात ते विचारा. आणि हलवताना हॅन्डओव्हर, म्हणजे एका सिस्टरने दुसरीला पेशंटची सगळी माहिती देणं, बेडपाशी, तुमच्यासमोर करायला लावा.

घरची नर्सिंग सर्व्हिस. फोनवर ट्रेन्ड नर्स म्हणाले आणि पाठवली केअरटेकर, मुलगी प्रेमळ होती, मन लावून करायची, पण स्ट्रोकचं काही शिकवलेलंच नव्हतं तिला. अर्धवट आडवं असताना भरवायची, घास संपायच्या आत दुसरा, आणि अण्णांचं सगळं स्वतःच करून टाकायची, शर्ट घालण्यापासून तोंड पुसण्यापर्यंत, त्यामुळे त्यांनी प्रयत्न करणंच सोडलं. तिचा दोष नाही, जी कंपनी नर्स आणि केअरटेकर एकाच नावाने विकते तिचा आहे. तक्रार केल्यावर बदलून खरी ट्रेन्ड नर्स आली आणि चित्र पालटलं. तिने पहिल्याच दिवशी खुर्चीची उंची बघितली, बाथरूममध्ये पकडायला दांडा डाव्या बाजूला लावायला सांगितला, पायातली सैल चप्पल काढून मागून पट्टा असलेली आणायला लावली. शर्ट आधी दुखऱ्या हातात घालायचा आणि काढताना आधी चांगल्या हातातून, हे अण्णांनाच शिकवलं, आता ते स्वतः घालतात, बटणं सोडून. भरवताना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, घास छोटा, जेवणानंतर अर्धा तास बसवूनच. पाणी घट्ट करायची पावडर घालून, स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेवढंच घट्ट, रोज सारखंच, अंदाजाने नाही. बीपीची वही ठेवली, कारण दुसरा अटॅक टाळायचा तर बीपी, साखर आणि गोळ्या ह्यांनाच धरून बसावं लागतं, आणि बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद केलेले लोक परत हॉस्पिटलात येतात हे तिने अण्णांना समोर बसून समजावलं, आम्हाला नाही, त्यांना.

त्या सर्व्हिसबद्दल तक्रार एकच राहिली, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस न सांगता पाठवतात आणि त्याला काहीच माहीत नसतं. मी एका पानावर सगळं लिहून बेडच्या वर चिकटवलंय: उजवा हात ओढायचा नाही, पाणी घट्ट करूनच, प्रश्न एका वेळी एक, उत्तराला वेळ द्या, जेवण झाल्यावर उजवा गाल बघा. नवीन माणूस आला की आधी ते वाचायला लावते, मगच अण्णांजवळ.

स्टार द्यायचे तर स्ट्रोक युनिटच्या नर्सिंगला पाच, रात्रीची माणसं आणि डिस्चार्जची घाई धरूनसुद्धा पाचच. जनरल वॉर्डला दोन. घरच्या सर्व्हिसला पहिल्या आठवड्यासाठी एक आणि नंतरच्या नर्ससाठी साडेचार. नळी, सक्शन किंवा जखम असलेल्या पेशंटसाठी केअरटेकरवर भागवू नका, ट्रेन्ड नर्सच घ्या आणि तिचं रजिस्ट्रेशन बघायला मागा. पेशंट नीट गिळतोय, बसतोय, फक्त सोबत आणि आधार लागतोय अशा वेळी केअरटेकर पुरते, पण आधी दोन दिवस ट्रेन्ड नर्स ठेवून तिच्याकडून केअरटेकरला शिकवून घ्या. आमच्याकडे आता तसंच चालू आहे, ती पहिली प्रेमळ मुलगीच परत आलीय, शिकून.